उतारवयातील निष्ठा

श्रोतेहो, दुष्काळात झाड मुळांच्या जोरावर तगते, हे नांदेड-लातूरकडच्या माणसाला सांगायला नको. श्रद्धेचेही तसेच. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळपीडित स्त्रियांना आसरा दिला. हिब्रू व ग्रीक शिकून मांडलेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम, कान मंदावले, शरीर थकले, तरी चालूच होते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. तेव्हा, हातपाय थकले म्हणून खचू नका. झेपेल तेवढे एक काम हाती धरा. निष्ठा त्यावरच तगते, बरे का!