चूक नेमकी कोणत्या ओळीत?



२०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती तुम्हांला आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. ज्या गावाने घागर घागर मोजून पाणी प्यायले, तिथे टाकी भरून वाहू लागली की जीव हळहळतो. म्हणून आज टाकीचेच उदाहरण घेऊन बोलतो.

समजा, शाळेतल्या मुलांनी रास्पबेरी पाय हा तळहातावर मावेल एवढा संगणक घेतला. टाकी भरली की पंप बंद व्हावा, असा प्रोग्राम सी भाषेत लिहिला. टाकी भरते, पण पंप काही थांबत नाही. मग मुले इथली ओळ बदल, तिथला आकडा बदल, असे करीत बसतात. गुरुजी, हे म्हणजे नाडी न पाहताच काढा देणे झाले!

नाडी पाहण्याचे साधन आहे. त्याला डीबगर म्हणतात. त्यांपैकी जी-डी-बी हा १९८६ पासून चालत आलेला आहे आणि फुकट मिळतो. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि त्या घटकेला कोणता आकडा किती आहे ते पाहायचे, हे त्याचे काम. पण तो नीट लावून घ्यावा लागतो.

का? तर प्रोसेसर आपली ओळ वाचत नाही. कंपायलर त्या ओळीच्या यंत्राला कळणाऱ्या आज्ञा करतो, त्या चालतात. कोणती आज्ञा कोणत्या ओळीची, याची नोंद लागते. शेताला सातबारा लागतो तशी. म्हणून कंपाइल करताना 'वजा जी' हा पर्याय द्यावा, म्हणजे नोंद राहते. 'वजा ओ शून्य'ही द्यावा, नाहीतर कंपायलर वेग वाढवण्यासाठी आज्ञांची उलटापालट करू शकतो.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. शाळेतला मोठा संगणक बहुधा इंटेल जातीचा, पाय मात्र आर्म जातीचा. दोघांच्या आज्ञा निराळ्या. म्हणून मोठ्या संगणकावर अनेक जाती ओळखणारा 'जी-डी-बी मल्टिआर्च' घ्यावा.

तिसरी गोष्ट ऑपरेटिंग सिस्टिमची. पायवर लिनक्स असते. तिथला प्रोग्राम थांबवायचा तो लिनक्सच्या मार्फतच. ते काम पायवर 'जी-डी-बी सर्व्हर' करतो. मोठ्या संगणकावरून 'टार्गेट रिमोट' म्हणून त्याला जोडावे, आणि 'सेट सिसरूट' या आज्ञेने पायच्याच लायब्रऱ्या दाखवाव्यात.

एक मात्र सांभाळा. दोन्हीकडे प्रोग्रामची एकच प्रत असू द्या. वाटणीनंतर जुना सातबारा घेऊन शेत मोजायला गेलो तर भलताच बांध आपला वाटतो. तसाच जुन्या प्रतीवर डीबगर भलतीच ओळ दाखवतो, अन् तीही ठामपणे.

आणखी एक: प्रोग्राम थांबवला की पंप बंद करणारा कुणी उरत नाही. तेव्हा आधी पंपाचे बटण हाताने बंद करा आणि टाकीत बादलीने पाणी ओतून पाहा.

आता पातळी तपासणाऱ्या ओळीवर 'ब्रेक' लावा. दर थांब्याला 'प्रिंट' म्हणा. आकडे आले ९८, ९९, आणि एकदम १०१. प्रोग्रामात लिहिले होते, पातळी बरोबर १०० असेल तर थांब. शंभर कधी आलेच नाहीत! 'शंभर किंवा जास्त' असे केले की पंप थांबतो.

हे काम शाळेपुरते नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' हा प्रोसेसर घडवला. २०१९ साली त्याची वार्ता आली. त्याच्या आज्ञा स्पार्क व्ही-८ या जातीच्या. नुसता प्रोसेसर देऊन त्यांचेही भागले नाही. सोबत कंपायलर आणि डीबगर द्यावा लागला.

गुरुजी, मुलगा चुकला तर उत्तर लगेच सांगू नका. आधी विचारा, "बाळ, तुझा अंदाज काय होता, आणि थांबवून पाहिलंस तेव्हा दिसलं काय?" दोन्ही त्याला वहीत लिहू द्या. पुढच्या वेळी तो ओळ बदलण्याआधी आकडा पाहील.