९०० डॉलरची बोट आणि न उघडलेलं उजवं चाक



मागच्या महिन्यात मी एका बोटीचा फोटो टाकला होता. तेव्हापासून विचारणा चालू आहे, की अरे ही खरंच तुझी का? हो, माझीच. १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट, मागे १५ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन आणि खाली गंजलेला ट्रेलर. सगळं मिळून ९०० डॉलर. आज तिची गोष्ट सांगतो. पण ही गोष्ट बोटीची कमी आणि ट्रेलरच्या उजव्या चाकाची जास्त आहे.

मी राहतो मिनेसोटात. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. हिवाळ्यात ती गोठतात, उन्हाळ्यात अख्खं राज्य पाण्यावर असतं. मी सांगली जिल्ह्यातला, ऊसपट्ट्यातला. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला. इथे तीन उन्हाळे नुसता काठावर बसून काढले. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये ही बोट दिसली आणि घेऊन टाकली.

आता, स्वस्त बोट बघायला गेलात तर खिशात एक स्क्रूड्रायव्हर ठेवा. बोटीच्या मागच्या ज्या भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं, तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून पत्रा दिसतो, पण ताकद आतल्या प्लायवूडची असते. तिथे टोचून बघायचं. मी टोचलं घरी आणल्यावर, म्हणजे पैसे दिल्यावर! स्क्रूड्रायव्हर भिजलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. आणि त्या लाकडावर जवळजवळ ३५ किलोचं इंजिन लटकत होतं. ऐन तळ्यात जोर दिला असता तर इंजिनानं ट्रान्सम उचकटला असता.

मग इंजिन उतरवलं आणि कुजलेलं लाकूड बाहेर काढलं. ते फेकून देऊ नका बरं का, नव्या लाकडाचं माप तेच असतं. पाऊण इंचाचे दोन प्लाय चिकटवून दीड इंचाची फळी केली आणि सगळ्या बाजूंना, प्रत्येक भोकाच्या आतूनसुद्धा, इपॉक्सी लावलं. कारण पाणी शिरतं ते कडेनं आणि भोकातून. इथे माझी एक चूक थोडक्यात टळली. दुकानात वाळवी-बुरशी न लागणारं, औषध मारलेलं प्लायवूड मिळतं. वाटलं, हेच बेस्ट. पण त्या औषधात बहुतेक वेळा तांबं असतं. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. लाकूड टिकलं असतं, पण पत्र्याची चाळण झाली असती. बारावीच्या केमिस्ट्रीत मार्कांसाठी पाठ केलेलं, ते दहा वर्षांनी असं कामाला आलं.

नंतर गळती. या बोटी रिव्हेट ठोकून जोडलेल्या असतात, आणि जुने रिव्हेट ढिले होतात. शोधायची युक्ती सोपी आहे. बोट पाण्यात घालायची नाही, पाणी बोटीत घालायचं. जेमतेम तीन-चार इंच, कारण १ लिटर म्हणजे १ किलो आणि खालचा ट्रेलरही म्हाताराच. खाली झोपून बघायचं, थेंब दिसला की मार्करनं गोल करायचा. माझे अकरा गोल झाले. एकानं बाहेरून जड लोखंड धरायचं, दुसऱ्यानं आतून हातोडी मारायची. सात तसेच बसले, उरलेले सील केले.

इथपर्यंत मी भलताच खुशीत होतो. रंग दिला, सीट बसवल्या, फोटो काढले. ट्रेलर राहिला होता. खरं सांगू का? ट्रेलर कंटाळवाणा वाटतो. त्याचा फोटो कोण काढणार?

त्याचे दिवे लागत नव्हते. चार वायरी असतात: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या लाइटची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या इंडिकेटरची. मी दोन संध्याकाळी प्रत्येक वायर तपासली आणि शेवटी दोष निघाला पांढरीत. ती फ्रेमला जिथे बोल्टनं कसलेली असते, तिथे गंज चढला होता. घासला आणि दिवे लागले. कोडमध्येही असंच होतं ना? आपण लॉजिक खोदत बसतो आणि चूक असते कॉन्फिग फाइलमध्ये.

टायरची नक्षी छान होती. पण टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर होतं २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा! दोन्ही बदलले.

आणि मग बेअरिंग. डावं चाक उघडलं तर ग्रीस चहासारखं दुधाळ झालेलं. याचं कारण समजून घ्या. हायवेवरून आल्यावर हब तापलेला असतो आणि तुम्ही ट्रेलर थेट गार पाण्यात उतरवता. आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. बोटीच्या ट्रेलरचा हा जन्माचा आजार आहे. मी डाव्या बाजूचं बेअरिंग, सील, कॉटर पिन सगळं नवीन घातलं. किट दोन्ही चाकांचं आणलं होतं. पण रात्रीचे अकरा वाजलेले. उजवं चाक हातानं फिरवून बघितलं, आवाज नव्हता. म्हटलं, हे ठीक दिसतंय.

दुसऱ्या दिवशी पप्पांना व्हिडिओ कॉलवर ट्रेलर दाखवला. पप्पांची हयात उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेलेली. त्यांनी बोटीकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "बेअरिंग बदललंस का?" म्हटलं, हो. "दोन्हीकडचं?"

मी म्हणालो, "हो, दोन्हीकडचं."

ते एवढंच म्हणाले, "बरं. तरी बी वाटंत थांबून हबला हात लावून बघ."

जूनमधल्या एका शनिवारी निघालो. मागच्या गाडीत माझा मित्र, त्याची बायको आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. तिनं लाइफ जॅकेट घरापासूनच घातलं होतं. बारा मैलांवर पेट्रोल पंप आला. पप्पांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून उतरलो. डावा हब कोमट. उजव्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. चटका बसला.

पुढे अजून तीस मैल हायवे होता. बेअरिंग जळून चाक निसटलं असतं तर ते मागे गेलं असतं. आणि माझ्या मागे कोण होतं, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

दुसरं किट घरी, गॅरेजमध्ये. मित्रानं मला घरी नेऊन परत आणलं. पोरगी रडून रडून झोपली. तिथेच पार्किंगमध्ये डाव्या चाकाला पुढून-मागून दगड लावले, जॅक चढवला आणि हब थंड झाल्यावर उघडला. ग्रीस काळं पडलेलं, रोलर उष्णतेनं निळसर झालेले. नशीब एवढंच, की स्पिंडल शाबूत होता. जुन्या रिंगा ठोकून काढल्या, नवीन बसवल्या, तळहातावर ग्रीस घेऊन एकेका रोलरमध्ये दाबून भरलं. नट कसताना चाक फिरवत राहायचं, मग नट थोडा सैल करायचा, मग नुसत्या बोटांनी लावायचा आणि नवी पिन घालायची. फार आवळलात तरी बेअरिंग जळतं.

त्या दिवशी तळ्यावर चार वाजता पोचलो. इथल्या कायद्यानं बोट रस्त्यावरून नेताना तळाचं बूच काढून ठेवावं लागतं, एका तळ्यातले नको ते जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे बूच लावायला विसरणारे रॅम्पवर हमखास दिसतात. मी बूच गाडीच्या किल्लीलाच बांधलं होतं. बोट पाण्यात गेली. अकरा गोलांपैकी एकातून अजून थेंब येतो, पण मगनं उपसता येतो.

रात्री पप्पांना फोन लावला. सांगितलं, "पप्पा, मी खोटं बोललो. उजवं चाक उघडलंच नव्हतं." थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं. न्हायतर हात लावून बघ कशाला म्हणलो असतो?"

तर मंडळी, स्वस्त बोट जरूर घ्या, किंवा जुनी बाइक, जुनी जीप, काहीही. फक्त दोन बाजू असतील तर दोन्ही उघडा. आणि वाटेत एकदा थांबून हात लावून बघा.

पुढच्या भागात त्या १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं रडगाणं. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूया!