फासे, व्हेनिस आणि अहमदनगर



मुलीबरोबर मी एक खेळ खेळतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. तिला युरोपातल्या प्रबोधनकाळासारखी गोष्ट हवी होती. तोफा, छापखाने, कारस्थानं. मी व्हेनिसचा नकाशा काढला. ती म्हणाली, "बाबा, तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं?"

मला उत्तर येईना. इतिहासाच्या तासाला मी मालगाडीचे डबे मोजायचो, हे सरांना ठाऊक आहेच.

मग वाचायला बसलो. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. आज ती विजापुरात आहे. बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज. त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५९५ मध्ये मोगलांचा वेढा पडला, तेव्हा किल्ल्यात चांदबीबी. आणि हे सगळं आपल्या नांदगावच्या शेजारच्या जिल्ह्यात!

आता मुलगी हबशी सरदार आहे, मी गोलंदाज. गेल्या रविवारी फासा वाईट पडला, सुरुंगाने तट उडाला. तिने विचारलं, "खरंच असं झालं होतं?"

"झालं होतं. चांदबीबीने तो रातोरात बांधून घेतला."

सर, या वेळी उत्तर आलं.