शेकडा वीस, पण कशाचे?



शिर्डीच्या या व्यासपीठावर कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी बोलणार आहे गणितावर. आणि तेही पंडित म्हणून नव्हे, अर्ध्यावरून उठलेला विद्यार्थी म्हणून. १९८८ साली घरच्या ओढगस्तीमुळे विज्ञानाच्या पहिल्या वर्षातूनच मी महाविद्यालय सोडले. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात अडचणीच्या काळापुरता भत्ता शेकडा वीसने कमी झाला. वर्षभराने मालकांनी तो शेकडा वीसने वाढवण्याचे कबूल केले. गेले ते परत मिळाले, असे समजून मी सही केली. सभेत टाळ्या पडल्या. पगाराच्या दिवशी झाडलोट करणारी एक मावशी चिठ्ठी घेऊन आली. "दादा, शंभराचे ऐंशी झाले होते, आता शहाण्णव आलेत. माझे चार रुपये कुठे गेले?"

गेले होते ते शंभराचे वीस टक्के. आले ते ऐंशीचे. मागायला हवे होते पंचवीस. मालकाला शिव्या देऊन माझी सही पुसली जाणार नव्हती.

त्या रात्री मी कॉलेजची जुनी पुस्तके काढली. कलनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात अडलो. वाटले, वयाने बुद्धी गंजली. पण अडत होते ते नव्या विषयावर नव्हे. अपूर्णांकांवर आणि कंस सोडवण्यावर! मग पुतणीचे आठवीचे पुस्तक आणले. आधी ते वर्तमानपत्रात लपवून वाचीत असे. पुढे लाज सोडली. रोज पहाटे अर्धा तास, हातात पेन्सिल. नुसते वाचून गणित येत नाही.

वर्षभराने कलनातली 'सीमा' समजली, ती सावकारी व्याजातून. रुपयाला वर्षाचे व्याज रुपया धरा. वर्षाने एकदा आकारले तर दोन रुपये होतात. सहामाही चक्रवाढीने २.२५, मासिक चक्रवाढीने सुमारे २.६१, रोजच्या चक्रवाढीने सुमारे २.७१. मुदत कितीही बारीक करा, रक्कम २.७२ गाठत नाही. वाढ थांबत नाही, पण कुंपणही ओलांडत नाही. तीच सीमा.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यांचा संताप न्याय्य होता. पण कागद जाळून हिशेब करता येत नाही. तो स्वतः मांडता आला पाहिजे. शिक्षण सुटलेल्यांसाठी नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. दार उघडे आहे. आत जाताना मात्र आठवीच्या बाकावर पुन्हा बसण्याची तयारी हवी.

मावशीचे चार रुपये पुढच्या करारात भरून निघाले. मधल्या दोन वर्षांचे बुडाले ते बुडालेच. म्हणून आता कोणताही कागद पुढे आला की मी आधी विचारतो, शेकडा किती ते कळले, पण कशाचे? आपणही विचारा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.