मारबत घडवणारे हात
(सावली येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून रेशनवर बोलणे झाले, वनहक्काच्या दाव्यांवर झाले, दारूवर तर झालेच. मला मात्र भुतांवर बोलायचे आहे. मागे कुणीतरी हसले ते ऐकू आले. हसा, माझा निम्मा मुद्दा तोच आहे. माणसाला भीतीची मजा वाटते, आणि ही मजा घेण्याचा बाईलाही हक्क आहे. उरलेला निम्मा मुद्दा तितका हसण्याजोगा नाही.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडया सुरू होतात. वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगाव लागतात आणि रात्रभर चालतात. नाटकात खून असतो, कट असतो, कधी भूतही निघते. बाया अंगावर चादर घेऊन, मांडीवर लेकरू घेऊन पहाटेपर्यंत बसतात. घाबरतात, डोळे झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघतातच. हे मला फार आवडते. एरवी आपल्या वाट्याला येणारी भीती निराळी. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. ती भीती आपण निवडलेली नाही. नाटकातली, गोष्टीतली, चित्रातली भीती आपण निवडतो आणि ती संपली की घरी येऊन चूल पेटवतो.

तुमच्या पोरींच्या मोबाइलवर ऑक्टोबर अखेरीस कोरलेले भोपळे, काळी मांजरे, झाडूवर बसलेल्या चेटकिणी येऊ लागतात. हा हॅलोविन. मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा सण. तिकडे आधी सलगम कोरून आत दिवा लावत. ती माणसे अमेरिकेत गेली आणि तिथे भोपळा मिळाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे या सणाची पोस्टकार्डे फार खपत. आजही काही चित्रकार त्याच जुन्या धर्तीवर चित्रे काढतात, बाहुल्या करतात आणि वर्षभर त्यावर पोट भरतात. त्या जुन्या कार्डांमागची एक बाई तुम्हांला सांगायला हवी.

तिचे नाव एलन क्लॅपसॅडल. १८६५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यात जन्मली. चित्रकला शिकली, शिकवली, लग्न केले नाही. एका प्रकाशन कंपनीसाठी तिने शुभेच्छाकार्डांची चित्रे काढली. ती हजारोंनी मोजतात. हॅलोविनची कार्डे त्यांतली खास. गुबगुबीत गालांची मुले, दात विचकणारा भोपळा, घाबरवावे की हसवावे या विचारात पडलेली चेटकीण. पुष्कळ कार्डांवर तिची सही आहे. त्या काळी कार्डे काढणाऱ्या कितीतरी बायांच्या कामावर नावच नसे. कार्डे छापली जात जर्मनीत. १९१४ साली युद्ध सुरू झाले आणि धंदा बसला, तिची पुंजी बुडाली. १९३४ साली ती वृद्धाश्रमात गरिबीत वारली. आज तिची कार्डे हौशी लोक पैसे मोजून गोळा करतात. कलावंत बाईच्या कामाचे मोल ती गेल्यावर वाढते, हे काही अमेरिकेपुरते नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडेही दरवर्षी भयंकर रूप घडवले जाते, ती मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारातले पळसाचे मेढे उचलायचे, रोगराई, इडापिडा, माशामुरकुटे सारे तिच्या पाठीवर टाकायचे आणि ओरडत गावाबाहेर न्यायचे. नागपुरात तिची मोठी मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची सांगतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, कापड, माती, रंग. घडवायला अनेक दिवस लागतात. कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे करत आली. सोबत बडगे निघतात. भ्रष्टाचाराचा बडग्या, महागाईचा बडग्या. ते पुरुष. मारबत मात्र बाई.

काळी मारबत कुणाची? लोक सांगतात, ती भोसल्यांच्या बाकाबाईची. इंग्रजांना मिळाली म्हणून तिची. जरा थांबून बघू. रघुजी दुसऱ्यांची ही राणी. १८१८ साली इंग्रजांनी अप्पासाहेबांना गादीवरून काढले आणि लहानग्या तिसऱ्या रघुजीला बसवले. बाकाबाई त्याची पालक, पण कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. १८५३ च्या डिसेंबरात तो राजा वारला आणि १८५४ साली डलहौसीने वारस नाही म्हणत राज्य खालसा केले. १८५७ मध्ये ही म्हातारी बाई इंग्रजांविरुद्ध गेली नाही, १८५८ साली वारली. तिने केले ते बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण जेन्किन्सची मारबत कुणी काढली? डलहौसीची? इंग्रजांशी तह करणाऱ्या, जहागिरी वाचवणाऱ्या पुरुषांची? मेलेल्या एका बाईचे तोंड काळे करून शतकाहून अधिक काळ तिला जाळतात आणि पाठीवर सगळ्यांचे पाप घालतात.

आपल्यातल्या काही कार्यकर्त्या म्हणतात, ही प्रथाच बंद करा. मला तसे वाटत नाही. याचे कारण मी एका बाईकडे शिकले. ती आपल्याच भागातली. नाव, गाव सांगणार नाही, का ते पुढे कळेल.

ती कुंभाराघरची. तुम्हांला माहीत आहे, माती आणायची बाईने, चाळायची बाईने, तुडवायची बाईने, पण चाकाला हात लावायचा नाही. मडक्यावर नाव घरधन्याचे. चाक नाही म्हणून तिने हातानेच घडवायला घेतले. आधी पोरांसाठी बैल, मग बाहुल्या, मग टोल्याची मारबत. दात कवड्यांचे, डोळे काचेच्या फुटक्या बांगडीचे, केस तागाचे. जुन्या काळी तिची आजी करायची तशीच जीभ बाहेर काढलेली. ओल्या मातीत बोटे खुपसून नाकपुड्या करताना ती स्वतःशीच हसते. मी विचारले, कशाला हसता बाई? म्हणाली, हिला बघून आमचा पाटील कसा दचकेल ते डोळ्यांपुढे येते. वर्षभर खाली मान घालून वावरणाऱ्या बाईला एक दिवस पूर्ण गाव दचकवता येते. हे सुख कोणत्या योजनेत बसते सांगा.

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी शेजारच्या मुलाला थंडी वाजून ताप आला. तो उतरेना. कुणीतरी म्हटले, ती असली तोंडं करते, रात्री बसून करते, एकटी असते. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बाया तिच्यापासून बाजूला सरकल्या. बस, इतकेच झाले होते. आमच्या गटातल्या दोघी त्याच दिवशी गेल्या. एकीने पोराला ग्रामीण रुग्णालयात नेले, रक्त तपासले, हिवताप निघाला. दुसरी तिच्या घरी मुक्कामाला राहिली. पोलीस पाटलाला सांगितले, तेही चारचौघांत. आठवडाभरात कुजबूज विरली. ती वाढली असती तर काय झाले असते, हे आपल्या दोन जिल्ह्यांत कुणाला शिकवायला नको.

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारले. त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या. १ मे २०२४ रोजी एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एका बाईला आणि एका पुरुषाला मारहाण करून जाळून टाकले. पुरुषही बळी जातात, पण एकटी, म्हातारी, जमिनीचा तुकडा नावावर असलेली, उलट बोलणारी बाई आधी डोळ्यांपुढे येते.

अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी दिले, त्यांतल्या चौदा बाया. आज त्याच गावात टोकदार टोपीची चेटकीण दुकानाच्या पाटीवर हसत असते. तिथल्या शेवटच्या दोषी बाईला कागदोपत्री निर्दोष ठरवायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि ते घडले एका शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. म्हणजे तिथे आधी मारणे थांबले, चेटकीण कार्डावर आली ती पुष्कळ नंतर. क्लॅपसॅडलबाई निर्धास्तपणे चेटकीण रंगवू शकल्या, कारण त्यांना कुणी चेटकीण म्हणून झाडाला बांधणार नव्हते. आमच्या कुंभारीण बाईला तेवढीच हमी हवी आहे.

कायदा आपल्याकडे आहे. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे जाहीर करून तिचे जगणे मुश्कील करणे, तिला मारहाण करणे, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो, तो पोलीस निरीक्षकाच्या खालचा नसतो. आपल्या ठाण्यात तो कोण, हे इथून परत जाताना विचारून जा. विचारले की त्यालाही आठवते.

आणि मारहाण होईपर्यंत थांबू नका. पाणवठ्यावर बाया सरकल्या त्याच दिवशी गेले पाहिजे. ताप असेल तर रक्त तपासून घ्या. आपल्याकडे हिवताप आहे, सिकलसेल आहे, कारण बहुधा तिथेच सापडते.

आता मजुरीचे. याच सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन झाले. खादीचे काम इथे चाले. त्याच्या आदल्या वर्षी चरखा संघाने कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे, असा ठराव केला होता. सूत स्वस्त मिळावे म्हणून बाईला उपाशी ठेवायचे नाही, असा तो विचार. मग मारबत करणारीला आपण काय देतो? सुपात तांदूळ आणि कधी तेही नाही. मंडपवाल्याला, डीजेवाल्याला रोख मोजतात.

म्हणून आमच्या गटाने यंदा ठरवले की मारबत विकत घ्यायची आणि तिचे पैसे आधी द्यायचे. रूप कसे असावे यावर दोन बैठका भांडण झाले. कुणी म्हणे दारूच्या बाटलीचे करा, कुणी म्हणे हुंड्याचे. एकीने विचारले, बाईच का जाळायची, बडग्याच करू. शेवटी तिलाच विचारले. ती म्हणाली, दात मी म्हणेन तेवढेच लांब राहतील, बाकी तुम्ही ठरवा, आणि खाली माझे नाव लिहायला कुणाला तरी बोलवा, मला लिहिता येत नाही.