वैमानिक स्टॉकडेल आणि एका दासाची शिकवण

ग्रंथ मुखोद्गत असणे निराळे आणि त्या ग्रंथातील तत्त्व संकटसमयी उपयोगी पडणे निराळे. विद्येची खरी परीक्षा गुरुगृही होत नाही. ती जेथे गुरू नाही, ग्रंथ नाही आणि साक्षीलाही कोणी नाही, अशा एकांतात होते. आजच्या व्याख्यानाचा विषय अशी परीक्षा दिलेल्या एका पुरुषाचे चरित्र हा आहे. तो पुरुष पंडित नव्हता किंवा धर्मोपदेशकही नव्हता. तो अमेरिकेच्या नौदलातील वैमानिक होता आणि पत्नी व चार मुलगे असलेला गृहस्थ होता. जेम्स स्टॉकडेल हे त्याचे नाव.

स्टॉकडेल यांचा जन्म २३ डिसेंबर १९२३ रोजी इलिनॉय राज्यातील ॲबिंग्डन या लहान गावी झाला. नौदलाच्या विद्यालयातून ते १९४६ साली उत्तीर्ण झाले, पुढील वर्षी सिबिल बेली यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नंतर त्यांनी विमानविद्येचे शिक्षण घेतले. भर समुद्रात हेलकावणाऱ्या जहाजाच्या अरुंद पाठीवर विमान उतरवणे हे या वैमानिकांचे नित्यकर्म होय. क्षणाचे अनवधानही तेथे प्राणघातक ठरते. अशा नोकरीत त्यांची वर्षे चालली असता नौदलाने त्यांना उच्च शिक्षणासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात पाठविले. तेथे फिलिप ऱ्हाइनलँडर या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांनी त्यांना एक लहानसे पुस्तक भेट दिले. ते होते एपिक्टीटस याच्या शिकवणीचे सार.

एपिक्टीटस हा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तत्त्वज्ञ. तो जन्माने दास होता आणि पायाने अधू होता. काही गोष्टी आपल्या अधीन असतात आणि काही नसतात, हा त्याच्या शिकवणीचा पाया आहे. शरीर, संपत्ती, अधिकार, लौकिक ही सारी परक्याच्या हाती जाऊ शकतात. आपला विचार, आपला निश्चय आणि आपले शील मात्र आपण स्वतः दिल्यावाचून कोणास घेता येत नाही. स्थितप्रज्ञाची लक्षणे ज्यांच्या कानावरून गेली आहेत त्यांना हा विचार परका वाटणार नाही. यंत्रविद्येत वाढलेल्या या वैमानिकाला प्रथम त्याचे प्रयोजन उमगले नाही. तरीही जहाजावरील आपल्या खोलीत त्याने ते पुस्तक उशाशी ठेवले.

४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर हल्ला झाल्याचे वृत्त प्रसृत झाले. त्या वेळी स्टॉकडेल त्याच जहाजांवर घिरट्या घालीत होते, आणि त्यांना शत्रूची एकही नौका दिसली नाही. तरीही दुसऱ्या दिवशी प्रत्युत्तरादाखल झालेल्या हवाई हल्ल्यात त्यांनाच अग्रणी व्हावे लागले. त्या युद्धात व्हिएतनामी जनतेनेही अपार यातना सोसल्या, हे विसरून चालणार नाही. पुढे हेच सत्य स्टॉकडेल यांच्या मनावर ओझे होऊन राहिले. कारण ते शत्रूच्या हाती लागले असते, तर प्रचाराचे मोठेच शस्त्र ठरले असते.

९ सप्टेंबर १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर त्यांचे विमान तोफेच्या माऱ्याने कोसळले. हवाईछत्रीने खाली येत असता, आपण आता यंत्रांचे जग सोडून एपिक्टीटसच्या जगात प्रवेश करीत आहो, असा विचार त्यांच्या मनात आला. ते गावाच्या रस्त्यात उतरले, संतप्त जमावाने त्यांना मारहाण केली, आणि त्यांचा पाय असा मोडला की तो गुडघा पुन्हा कधी वाकला नाही. गुरूचे अधूपण शिष्याच्याही वाट्यास आले!

तेथून साडेसात वर्षांचा बंदिवास सुरू झाला. त्यातील सुमारे चार वर्षे एकांतकोठडीत गेली आणि दोन वर्षे पायांत बेड्या होत्या. दोरांनी आवळून कबुलीजबाब घेतले जात. यातनांपुढे प्रत्येकाचे शरीर केव्हा ना केव्हा नमते, हे स्टॉकडेल यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी सहबंद्यांना अशक्य व्रत सांगितले नाही. लोकांपुढे मान लववू नये, ध्वनिक्षेपकावर बोलू नये, अपराध कबूल करू नये, आणि स्वतःहून ऐक्याला अधिक मानावे, असे मोजकेच नियम त्यांनी घालून दिले. छळाखाली जो मोडला त्याला भिंतीपलीकडून धीर मिळे. पंचवीस अक्षरांचा पाच बाय पाच चौकोन कल्पून, आधी ओळ व मग स्तंभ याप्रमाणे भिंतीवर टकटक करून हे बंदी परस्परांशी बोलत. एकदा चित्रपटात दाखविण्यासाठी त्यांना सजविण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी वस्तऱ्याने आपले डोके आणि तिपाईने आपला चेहरा विद्रूप करून घेतला.

इकडे कॉरोनाडो येथील घरी सिबिलबाई चार मुलांना वाढवीत होत्या. गवगवा करू नका, असे सरकारचे सांगणे होते. त्यांनी काही काळ ते पाळले. परंतु मौनाने बंद्यांचा छळच झाकला जातो, असे दिसताच १९६८ साली त्या उघडपणे बोलल्या. बंद्यांच्या कुटुंबीयांना त्यांनी संघटित केले, आणि १९६९ साली पॅरिसला जाऊन उत्तर व्हिएतनामच्या प्रतिनिधींनाच जाब विचारला. पतीला जाणाऱ्या साध्या पत्रांतून गुप्त मजकूर पोहोचविण्याचे धोक्याचे कामही त्यांनी पत्करले. पतीने कोठडीत जे धैर्य दाखविले, त्याच तोलाचे धैर्य या गृहिणीने स्वयंपाकघर सांभाळून दाखविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१२ फेब्रुवारी १९७३ रोजी स्टॉकडेल मुक्त झाले. १९७६ साली त्यांना त्यांच्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले आणि १९७९ साली ते व्हाइस ॲडमिरल या पदावरून निवृत्त झाले. १९८४ साली पतिपत्नींनी मिळून आपली कथा पुस्तकरूपाने लिहिली. ५ जुलै २००५ रोजी स्टॉकडेल यांचे आणि २०१५ साली सिबिलबाईंचे देहावसान झाले.

कोण बंदी टिकले नाहीत, असे विचारता स्टॉकडेल सांगत की, नाताळापर्यंत सुटू, मग ईस्टरपर्यंत सुटू, अशा तारखांवर जे विसंबले ते खचले. शेवटी आपण तरून जाऊ ही श्रद्धा न सोडता, आजची स्थिती जशी आहे तशी पाहण्याचे धैर्य हवे. सज्जनहो, आशा आणि श्रद्धा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. आशा काळाला अट घालते. श्रद्धा काळाला अट घालीत नाही. आपल्या घरातही दीर्घ आजार येतात, वियोग येतात, ज्यांचा शेवट केव्हा होईल हे कोणी सांगू शकत नाही. त्या दिवसांत काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, एवढा विवेक जरी जागा राहिला, तरी शिकलेली विद्या व्यर्थ गेली नाही असे समजावे.