थ्री नॉट थ्रीची वंशावळ

श्रोतेहो, तालुक्याच्या कचेरीत खजिन्यावर पहारा देणारा पोलीस शिपाई तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या खांद्यावर लाकडी दस्त्याची एक जडशीळ रायफल असे. आम्ही मुले तिच्याकडे लांबूनच बघत असू आणि "थ्री नॉट थ्री आहे, झाडातून गोळी आरपार जाते!" असे एकमेकांच्या कानात सांगत असू. पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो. एकदा कामानिमित्त अशाच एका कचेरीत बसलो होतो, तेव्हा पहाऱ्यावरच्या हवालदारांना म्हटले, "साहेब, तेवढी लोखंडी पट्टी वाचू द्याल का?" ते हसले. "वाचा की सर. हात मात्र लावू नका."

पट्टीवर इंग्लंडच्या राजाचा मुकुट कोरलेला होता. खाली 'जी. आर. आय.' ही अक्षरे, म्हणजे जॉर्ज, राजा आणि बादशहा. त्याखाली 'इशापूर' आणि साल १९४२. ज्या वर्षी 'चले जाव'ची घोषणा झाली, त्या वर्षी मुकुट मिरवीत जन्मलेली ही रायफल स्वतंत्र भारताचा खजिना राखीत उभी होती! आपण शिलालेख वाचतो, ताम्रपट वाचतो. मग ही पट्टी का वाचू नये? आज तिचीच वंशावळ तुम्हांला सांगणार आहे.

आधी नाव पाहू. नळीच्या पोकळीचा व्यास एका इंचाच्या हजार भागांपैकी तीनशे तीन भाग, म्हणून थ्री नॉट थ्री. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळाच्या खाचा असलेली बंदूक. त्या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ, दूरवर पोचते. साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला ते साधत नाही. हा भेद ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

१८५७ च्या उठावातील काडतुसांची हकीगत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ती काडतुसे ज्या रायफलीची, ती लंडनजवळच्या एनफील्ड गावच्या सरकारी कारखान्याची, १८५३ च्या नमुन्याची. उठाव मोडल्यावर इंग्रज सरकारने एक धडा घेतला. बहुतेक हिंदी पलटणींच्या हाती त्याने गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. बाहेरून एनफील्डसारख्याच, पण आत खाचा नाहीत! गोऱ्या शिपायाजवळ मात्र खरी रायफल. पुढे गोऱ्यांना नवे हत्यार मिळाले की त्यांचे जुने आपल्या लोकांकडे यावे, असा शिरस्ताच पडला. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. एकाच रणांगणावर गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री रायफल होती आणि मुंबई इलाख्याच्या सैन्यातील आपल्या शिपायांजवळ तिच्या आधीची स्नायडर. १८९७ साली तिराहच्या मोहिमेत आपल्या शिपायांना मार्टिनी मिळालेली दिसते. पण तोवर गोऱ्यांच्या हाती लो-मेटफर्ड नव्हे, 'ली-मेटफर्ड' ही आणखी नवी रायफल आलेली होती. शत्रू एक, सेनापती एक, मरण एक. हत्यारे मात्र दोन प्रतीची.

ही ली-मेटफर्ड म्हणजेच आपल्या थ्री नॉट थ्रीची आई. तिचे साल १८८८. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत कामाला लागलेला कारागीर, मूळचा घड्याळजी. काडतुसे साठवणारी पेटी आणि झटकन मागेपुढे होणारा बोल्ट ही त्याची करामत. नळीतल्या खाचा विल्यम मेटफर्ड या इंग्रज इंजिनियरच्या. मौज अशी की, हे मेटफर्डसाहेब १८५७ साली आपल्याकडेच रेल्वेच्या नोकरीत होते. परंतु काळ्या दारूच्या जागी कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली आणि तिच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. तेव्हा १८९५ साली एनफील्डच्या कारखान्याने अधिक खोल खाचा पाडल्या, आणि नाव झाले ली-एनफील्ड.

पुढची सुधारणा शत्रूने शिकवली. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी जर्मन माउझर रायफलींनी इंग्रजांना हैराण केले. पट्टीत बसवलेली पाच काडतुसे माउझरमध्ये एका दाबात भरता येत. इंग्रज शिपाई एकेक काडतूस भरीत बसे. त्यावरून ली-एनफील्ड आखूड झाली, पट्टीने भरू लागली, आणि पायदळ नि घोडदळ दोघांना एकच रायफल मिळाली.

बियाणे एक असले तरी मातीप्रमाणे पीक बदलते, तसेच या रायफलीचेही झाले. बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूरला ती बनू लागली, ऑस्ट्रेलियात लिथगो येथे १९१२ साली कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने तिचा नवा, जड नळीचा 'नंबर चार' नमुना काढला आणि तो कॅनडात व अमेरिकेतही करवून घेतला. इशापूर आणि लिथगो यांनी मात्र जुनाच नमुना चालू ठेवला. ऐन युद्धात सारी यंत्रे बदलायला सवड कुणाला होती? तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळ खडकीलाही बनत. त्यांच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे असत, म्हणजे किरकी फॅक्टरी.

आणि तो दोन प्रतींचा शिरस्ता? १९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या हाती दिल्या गेल्या. पलीकडे जर्मन फौज उभी होती. जो विश्वास पन्नास वर्षांच्या इमानी चाकरीने मिळाला नाही, तो गरजेने एका बंदरात मिळाला.

१९४७ साली देशाची फाळणी झाली, सैन्याची झाली, रायफलींचीही झाली. काश्मीरच्या लढाईत दोन्ही बाजूंना हीच थ्री नॉट थ्री होती. १९६२ साली हिमालयात आपल्या जवानाने हिच्याच बळावर चिनी सैन्याला तोंड दिले. प्रत्येक गोळीमागे त्याला बोल्ट हाताने ओढावा लागे. समोरच्यांजवळ आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर आपल्या सैन्याने आपोआप भरणारी रायफल घेतली, आणि थ्री नॉट थ्री पोलिसांकडे आली.

श्रोतेहो, इथे मला थोडे थांबावेसे वाटते. सैन्याचे जुने ते पोलिसाला, हा शिरस्ता आता कुणी परक्याने घातलेला नव्हता. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपले शिपाई एके-४७ घेतलेल्या मारेकऱ्यांसमोर उभे राहिले, तेव्हा कुणाच्या हाती थ्री नॉट थ्री होती, तर कुणाच्या हाती नुसती काठी. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी शत्रूच्या बंदुकीची नळी रिकाम्या हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिला. त्यांच्या धैर्याला आपण नमस्कार करतो, तो केलाच पाहिजे. पण धैर्याची इतकी मोठी परीक्षा त्यांना का द्यावी लागली, हेही विचारले पाहिजे.

रायफलीला मी दोष देत नाही. शंभर वर्षे ती इमानाने चालली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २६ जानेवारी २०२० रोजी तिला समारंभाने निरोप दिला. माझी विनंती शिक्षकबंधुभगिनींना आहे. एखाद्या संग्रहालयात मुलांना न्याल आणि काचेमागे अशी रायफल दिसेल, तेव्हा तिची गोळी किती लांब जात असे एवढेच सांगून पुढे जाऊ नका. पट्टीवरचा मुकुट, गाव आणि साल मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. मग त्यांना विचारा, ही कुणी बनवली, कुणाला दिली, आणि त्या वेळी देणाऱ्याच्या स्वतःच्या हाती कोणती होती? उत्तर शोधताना मुले आपोआप इतिहास वाचू लागतील.